पार्ट टू झाली का?

आमच्या आळीत कुणाकडं पाळणा हलला की पेढे खायला हवालदार तात्या सगळ्यांच्या आधी हजर. पेढा तोंडात टाकायचा, बाळाच्या बापाच्या पाठीवर थाप मारायची आणि विचारायचं, "पार्ट टू झाली का?" फौजेत लग्न, मूल, बदली, दुखणं यांतलं काहीही घडलं तरी ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून आल्याशिवाय घडलं असं मानत नाहीत. चोवीस वर्षं तात्यांनी हेच वेदवाक्य मानलं. त्यामुळं त्यांच्या लेखी आमच्या गावातली निम्मी पोरं अजून जन्मालाच आलेली नाहीत.

सातारा जिल्ह्यात असा एक तात्या बहुतेक गावात सापडेल. आमचं गाव काही अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव म्हणून नावाजलेलं नाही, पण दर चार घरांआड एक काळी पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. इतरांच्या ट्रंकेत गोधड्या असतात. तात्यांच्या ट्रंकेत कंबर आहे.

म्हणजे कंबरेचे कागद. तात्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. ऐन उमेदीची वर्षं शक्तिमान ट्रकच्या सीटवर, लेहच्या रस्त्यानं रेशन आणि रॉकेल वाहण्यात गेली. सीट कसली, फळीच ती. 2008 साली घरी यायच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डानं मणक्याचं दुखणं 30 टक्के धरलं आणि खाली शेरा मारला की हे दुखणं सेवेमुळं झालेलं नाही आणि सेवेमुळं वाढलेलंही नाही. या शेऱ्यावर तात्यांचं भाषण आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. "भरतीला पळवलं, उड्या मारायला लावल्या, फिट लिहिलं. जाताना म्हणतात कंबर गेली. मधली चोवीस वर्षं मी काय मामाच्या गावाला होतो?"

अशा शेऱ्यानंतर नुसती सर्व्हिस पेन्शन मिळते, वरचा डिसॅबिलिटीचा भाग मिळत नाही. दावा फेटाळला गेला, मग पहिलं अपील, मग दुसरं. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येकीवर 'खरी प्रत'चा शिक्का, आणि एसटीत शेजारच्या सीटवर फाईल. कंडक्टरनं हटकलं तर म्हणायचे, "तिचंबी तिकीट फाडा." फौजेच्या पेन्शनचा हुकूम निघतो प्रयागराजच्या द्रौपदी घाटावरून, हा पत्ता त्यांना स्वतःच्या पिनकोडपेक्षा पक्का पाठ. ती फाईलही द्रौपदीच्या साडीसारखीच, ओढाल तेवढी निघते.

याच काळात तात्यांना दोन दैवतं लाभली. पहिलं धरमवीर सिंग, सिग्नल कोअरमधला शिपाई. त्याला झटके यायला लागले म्हणून घरी पाठवलं आणि सेवेशी संबंध नाही असं लिहिलं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर दुखण्याची नोंद नसेल तर ते सेवेतच झालं असं धरायचं. नसेल झालं तर ते सरकारनं सिद्ध करावं. दुसरं दैवत राम अवतार, 2014 चा डिसेंबर. टक्के वर ओढायची सवलत आधी फक्त दुखण्यामुळं मुदतीआधी बोर्ड-आऊट झालेल्यांना होती, ती या निकालानं मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही दिली. 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरायचे. मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणातून तात्या तिसाचे पन्नास करून आले, त्या दिवशी काकूंनी पुरणपोळी केली आणि तात्यांनी निकालाची झेरॉक्स देव्हाऱ्यात ठेवली.

यात खरी गंमत बोर्डाची. तात्यांना साधं सुखदुःख विचारा, कंबरेचा पाढा सुरू होतो. पण समोर डॉक्टर खांद्यावर पट्ट्या लावून बसला की हा माणूस पार बिघडतो. जायच्या आदल्या रात्री काकू तालीम घ्यायच्या. "जरा कण्हा. उठताना गुडघ्यावर हात ठेवा. रोज घरात ठेवता ना?" तात्या माना डोलवायचे. प्रत्यक्षात आत शिरले की छाती पुढं, टाच आपटून असा सॅल्यूट की खिडकीच्या काचा हलाव्यात. साहेबांनी विचारलं, "कैसे हो?" तर उत्तर तोंडातून आपोआप, "एकदम बढिया साब!" बाहेर आल्यावर कंबर धरून बाकावर बसायचे आणि काकू आकाशाकडं बघायच्या. चोवीस वर्षं 'ठीक है साब' म्हणायची सवय लावलेल्या माणसाला एका सकाळी 'दुखतंय' म्हणायला सांगतात. कसं जमावं?

तात्यांना मनातून एकाच माणसाचा हेवा वाटतो. पलीकडच्या वाड्यातले सुभेदार मामा. पायदळातले, 1999 ला कारगिलमध्ये मांडीत स्प्लिंटर घुसले. मामांचं प्रकरण लढाईतली जखम म्हणून सरळ मार्गी लागलं. त्याचा दरही वेगळा: मुदत भरून निवृत्त झालेल्याला शंभर टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, लढाईतल्या जखमेला 60. तात्या सुस्कारा सोडतात, "मामांच्या जखमेला ऑपरेशनचं नाव आहे हो, ऑपरेशन विजय. माझ्या कंबरेचं ऑपरेशन कुठलं? ऑपरेशन शक्तिमान?" पारावर लोक हसतात. मांडी दाखवली की माणसं गप्प होतात, कंबर म्हटली की बाम सुचवतात. हे तात्यांना सलतं आणि मला ते रास्त वाटतं. बर्फातल्या चौकीवरच्या जवानाचं रेशन काही चालत वर जात नव्हतं.

पण मामांचा कानही गेलाय. टीव्ही एवढा मोठा लावतात की चार घरांना बातम्या ऐकू येतात. तात्यांनी एकदा कागद काढला, पेन काढलं. "मामा, कानासाठी सिक रिपोर्ट कधी केलावता?"

"कशाला? पोरं वर होती, मी कानात कापूस घालून खाली जाऊ?"

"एमआय रूमची, पलटणीच्या दवाखान्याची, एखादी चिठ्ठी?"

"नाही."

तात्यांनी पेनला टोपण लावलं. पुढं आठवडाभर ते मामांवर चिडून होते. ज्यानं दात आवळून सोसलं त्याच्याजवळ कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे दुखलंच नाही. हा हिशेब तात्यांना पाठ आहे, पटत मात्र नाही. मामांना त्याचं काहीच नाही. ते म्हणाले, "जे वरच राहिले त्यांनी काय मागितलं? जा, चहा घे." तात्या चहा प्यायले, आणि मामांच्या टीव्हीचा आवाज किती अंकावर असतो ते गुपचूप वहीत टिपून आले.

आता तालुक्यातली माणसं त्यांच्याकडं येतात. कुणाचा गुडघा, कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाची झोप. झोपेचं दुखणं घेऊन येणारा दाराशीच घुटमळतो, बायको पुढं बोलते. तिला तात्या काही विचारत नाहीत. त्याला गोठ्याकडं घेऊन जातात आणि बऱ्याच वेळानं परत येतात. फी काही नाही. पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलचा ओटीपी नातवाच्या मोबाइलवर येतो, त्यामुळं नातू शाळेतून येईपर्यंत सगळे ओट्यावर. 2023 साली नियम नवे आले, डिसॅबिलिटीच्या जागी 'इम्पेअरमेंट' शब्द आला. तात्यांनी नवं प्लॅस्टिकचं फोल्डर आणलं, तेवढ्यापुरते खूश दिसले.

परवा शेजारचा पोरगा अग्निवीर म्हणून निघाला. आई पदर तोंडाला लावून उभी, भावकी जमलेली, कुणी ओवाळतंय, कुणी शंभराची नोट खिशात कोंबतंय. तात्या गर्दीतून पुढं आले. "सर्दी झाली तरी एमआय रूमला जायचं, चिठ्ठी घ्यायची. पडलास तर जखमेचा रिपोर्ट भरल्याशिवाय उठायचं नाही."

"तात्या, मला काय धाड भरलीय?" पोरगं हसलं आणि अंगणातच चार उड्या मारून दाखवल्या.

तात्यांनी त्याच्या बापाकडं वळून कागद पुढं केला. "हे लिहून घे. आजची तारीख घाल. जाताना उड्या मारत होता. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत, गुरुजी, पहिली तुम्ही करा."