22 किलोपर्यंत नात

उट्रेख्त, एप्रिलअखेर

ती. आई आणि ती. बाबा यांना सूनबाईचा शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या चिरंजिवांनी सायकलच्या मागे बसवायची लहान मुलाची सीट एकदाची घेतली. रविवारी फोनवर बाबा म्हणाले होते, "एवढीशी खुर्ची घ्यायला किती दिवस? कॅरियरला पंचा गुंडाळ, पोरीला बसव, 'घट्ट धर' म्हण आणि निघ." त्यावर चिरंजीव जे बोलले ते रेंज गेल्यामुळे तिकडे दिव्यात तुमच्यापर्यंत पोचलं नाही, हे बरंच झालं. म्हणून सूनबाईने पत्राचा मार्ग पत्करला आहे. पत्र मध्येच कट होत नाही आणि नातीला त्याचा कॅमेरा चाटता येत नाही.

आधी चिरंजिवांचा अवतार डोळ्यांपुढे आणा. हा तोच माणूस, ज्याने कॉलेजची सगळी वर्षं दिवा ते ठाणे प्रवास लोकलच्या दारात एका पायावर केला. डिसेंबर 2016 पर्यंत दिव्याला फास्ट गाड्या थांबतच नव्हत्या. कल्याण-डोंबिवलीहून ठासून भरून आलेल्या स्लो गाडीत पुढचा पाय टेकला की मागचा ठाण्यापर्यंत हवेत. पट्टा नाही, पाठीला टेकू नाही, हाताला दांडा मिळाला तर मिळाला. त्याच माणसाने इथल्या दुकानात पाऊल ठेवताच विचारलं, "पट्टा तीन ठिकाणी अडकतो की पाच ठिकाणी?" हसू येतं खरं. पण त्या दारातून पडलेली माणसंही त्यांनी पाहिली आहेत, म्हणून सूनबाई हसली ती तोंड फिरवून.

आता बाबांच्या पंच्याविषयी. नेदरलँड्सच्या वाहतूक नियमांत लिहिलंय की आठ वर्षांखालच्या मुलाला सायकलवरून न्यायचं तर पाठ, हात आणि पाय या तिन्हींना आधार देणारी सुरक्षित बैठक हवी. पंचा यातल्या एकाही कलमात बसत नाही. गंमत अशी की हेल्मेटची सक्ती नाही. कोट-टाय घातलेला माणूस पुढे एक पोर, मागे एक पोर आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवून उघड्या डोक्याने जातो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. मोबाइल हातात धरून सायकल चालवली मात्र की दंड, जुलै 2019 पासून. आई, सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल उचलला जात नाही तो त्यामुळे. सुनेने कान भरले म्हणून नव्हे.

आणि बाबा, "आमच्याकडे असली थेरं नाहीत" हे आता चालायचं नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये नियम काढला आहे: मोटरसायकल किंवा स्कूटरवर नऊ महिने ते चार वर्षांचं मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, डोक्यावर हेल्मेट हवं आणि वेग 40 च्या वर नको. चिरंजिवांनी हे वाचून दाखवलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "दिवा-शीळ रस्त्यावर चाळीस गाठून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं."

इथले लोक जन्मजात शहाणे आहेत असं समजू नका. 1971 साली या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. रस्ते रुंद करून मोटारींना मोकळे करून देण्याचा तो काळ. एका पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. त्याने 1972 मध्ये 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांना घेऊन रस्त्यात बसले. पुढे तेल महागलं, सरकार हललं, सायकलींना वेगळे रस्ते मिळू लागले. आता वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. इथे सायकली दोन कोटींच्या वर आहेत आणि माणसं सुमारे एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या नावावरही एक सायकल येतेच.

तर सीट. दुकानात भिंतभर टांगलेल्या असतात. नॉर्वेची हमॅक्स, स्वीडनची थुले, पोर्तुगालची पोलिस्पोर्ट, मूळची इथलीच बोबाइक. चिरंजीव रंग बघत होते. दुकानदाराने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि म्हणाला, आधी सायकल दाखवा. बरोबरच होतं त्याचं. मागची सीट मुलाच्या मापाने घेण्याआधी सायकलच्या मापाने घ्यावी लागते आणि इथेच निम्मे पालक चकतात.

दोन प्रकार असतात. पहिल्यात सायकलच्या सीटखालच्या उभ्या नळीला क्लॅम्प आवळायचा. त्यातून पोलादाच्या दोन सळया मागे जातात आणि खुर्ची त्यांच्यावर अधांतरी राहते, कॅरियरला टेकतच नाही. खड्डा आला की सळया लवतात आणि धक्का पोरापर्यंत मवाळ होऊन पोचतो. डुलकी लागायला झकास. पण बहुतेक क्लॅम्प 28 ते 40 मिलिमीटर व्यासाच्या गोल नळीलाच बसतात. नळी चपटी असली, फ्रेम कार्बनची असली किंवा गियरची वायर नेमकी तिथूनच गेली असली, की नमस्कार करून निघायचं.

दुसरा प्रकार थेट कॅरियरवर. लवचीकपणा नाही, पण बैठक घट्ट. कॅरियरची रुंदी साधारण 12 ते साडेसतरा सेंटिमीटर लागते, आणि त्यावर कोरलेला वजनाचा आकडा वाकून वाचायचा असतो. 25 किंवा 27 किलो असेल तर पुढचं बोलणं. शोभेचे नाजूक कॅरियर दप्तर आणि डबा नेण्यापुरते. त्यात सीटचं स्वतःचं वजन तीन-चार किलो, हेही धरायचं.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. मुलाचा भार मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे पडायला हवा. मागे सरकलाच तर दहा सेंटिमीटरपर्यंत, असं माहितीपत्रकं सांगतात. त्याहून मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल आपल्या मर्जीने वळू लागतं.

आपल्या सायकलला वायर आडवी आली, म्हणून कॅरियरवरची घेतली. इथले सायकलमार्ग इतके सपाट की सळयांच्या झुल्यावाचून अडत नाही. दिवा-आगासन रस्त्यावर फिरवायची असती तर सूनबाईने सळयांचीच घ्यायला लावली असती, मग वायर गेली खड्ड्यात. तशीही ती गेलीच असती.

पायांचं मात्र ऐकाच. मागच्या सीटला दोन्ही बाजूंना पाय ठेवायला खोलगट जागा असतात, वर पट्टा असतो आणि चाकाच्या आऱ्यांवर झाकण लागतं. चालकाच्या सीटखाली स्प्रिंगा असतील तर त्याही झाकायच्या, कारण मागच्या मुलाची बोटं बरोब्बर तिथेच पोचतात. दुकानदाराने कारण सांगायच्या आधीच चिरंजिवांनी पँट वर करून उजव्या घोट्यावरची खूण दाखवली. बाबांच्या अ‍ॅटलसच्या आऱ्यांत गेलेला तो पाय. आई, तुम्ही हळद लावली होती ती आठवण ते अजून सांगतात. बाबा मात्र तो विषय निघाला की अ‍ॅटलसच्या मजबुतीवर जातात. त्या कंपनीचा शेवटचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला, आणि दिवस कुठला, तर तीन जून, जागतिक सायकल दिन! बाबांनी त्या दिवशी कुणी वारल्यासारखा चहा टाळला होता.

सीट बसली आणि खरा तमाशा पुढे. चिरंजिवांची सवय डाव्या पॅडलवर पाय ठेवून उजवा पाय मागून फेकण्याची. मागे आता दीड हात उंच खुर्ची, आणि खुर्चीत नात. पाय मागून टाकावा तर नातीच्या टाळक्यात. म्हणून इथले पुरुषही मधला दांडा नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती, निमूट चालवतात. चिरंजिवांनी तोंड वाकडं करून तीच घेतली. त्यात इथली माणसं जगात सर्वांत उंच गणली जातात. साध्या सायकलची सीट पार खाली आणली तरी चिरंजीव सिग्नलला अंगठ्यावर उभे. आणखी एक भानगड म्हणजे इथल्या साध्या सायकलींना पायानेच ब्रेक. उलटं पॅडल मारलं की चाक जाम. दिव्यात उतारावर रुबाबात उलटं पॅडल फिरवत जायची सवय असलेल्या माणसाला हे कळायला थोडा रक्तदाब वाढवावा लागतो. तो सगळा सराव नातीच्या जागी तांदळाची पिशवी बांधून झाला. शेजारच्या बाई खिडकीतून बघत होत्या. पिशवीला पाचही पट्टे लावलेले पाहून त्यांनी अंगठा वर केला.

सीट नवी की जुनी यावर घरात दोन पक्ष पडले होते. 27 एप्रिलला इथे राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी अख्खा देश नारिंगी कपडे घालून फुटपाथवर चादर अंथरतो आणि घरातली अडगळ विकतो. परवाना लागत नाही. पोरं स्वतःची जुनी खेळणी विकतात, शेजारी कुणीतरी बासरी वाजवून चिल्लर गोळा करत असतं. तिथे सीट दहा युरोलाही मिळते आणि दुकानात नवी शंभराच्या आसपास. दिव्याच्या बाजारात घडलेले चिरंजीव अर्थात चादरींच्या बाजूने. सूनबाईचं म्हणणं एवढंच की उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, सायकल पडली असेल तर आतली चीर दिसत नाही, आणि विकणारा आठ वर्षांचा मुलगा इतिहास सांगायला बांधील नाही. शेवटी सीट दुकानातून नवी आली आणि फुटपाथवरून तिचं पावसाचं आवरण, एक घंटी आणि कुणाच्या तरी आजीची किसणी.

एक कडक नियम चिरंजिवांनी दारावर चिकटवला आहे: उभ्या सायकलवर मूल सोडायचं नाही, स्टँड दोन पायांचा असला तरी. मूल वाकतं, हँडल फिरतं, सायकल आडवी. म्हणून हँडल सरळ राहावं यासाठी पुढच्या चिमट्याला स्प्रिंगही लावून घेतली. बसवताना सर्वांत शेवटी नात, उतरवताना सर्वांत आधी नात. दप्तर, छत्री, किल्ली सगळं तोवर जमिनीवर. स्टेशनवर तर आणखी शिस्त. इथल्या स्टेशनाखालचा सायकलतळ साडेबारा हजार सायकलींचा, जगातला सर्वांत मोठा. तिथे नातीला एका हाताने धरून आपली सायकल शोधणं म्हणजे गणपतीत दादर स्टेशनवर चुकलेला मामा शोधणं.

आता आई, तुमच्याशी थोडं खासगी. युरोपातल्या प्रमाणाप्रमाणे मागची सीट 9 ते 22 किलोच्या मुलासाठी असते. मूल स्वतःच्या बळावर ताठ बसू लागलं की सुरू आणि बावीसला संपलं. पुढच्या दांड्यावरची सीट पंधरालाच संपते, म्हणून आपण ती घेतली नाही. नात आत्ताच चौदा किलोची आहे. प्रत्येक फोनवर तुम्ही "वाळली गं पोर" म्हणता आणि पुढच्या पार्सलात डिंकाचे लाडू येतात. चिरंजिवांनी गणित मांडलंय की नात या गतीने गेली तर शंभर युरोंची सीट दीड वर्षात फुकट. लाडू बंद करा असं ते म्हणत नाहीत, त्यातले बरेचसे तेच खातात. फक्त डब्यावर वजन लिहून पाठवा म्हणतात.

जुलैत तुम्ही दोघं येताय, तेव्हा एक सांगून ठेवते सूनबाई. आपल्याकडे एकेकाळी डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारायचा. इथे मोठी माणसंही कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसतात आणि नवरा, मित्र, भाऊ जो असेल तो ओढतो. आईंना कालव्याकाठून तशी एक फेरी घडवायची चिरंजिवांची फार इच्छा आहे. सीट कॅरियरवरून सुटते, ती अडचण नाही. अडचण त्या कॅरियरवर कोरलेल्या 27 च्या आकड्याची आहे. तो आईंना दाखवायचा नाही आणि बाबांनी मोठ्याने वाचायचा नाही, असं इथे ठरलं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची
सूनबाई