समाज आणि संस्कृती: बँड आठकडे नेणारा राजमार्ग

परदेशी शिकायला जायचं ठरलं की पासपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट आणि समाजाविषयी ठाम मतं, एवढ्या तीन गोष्टी आधी तयार ठेवाव्यात. पहिल्या दोहोंसाठी एजंट मिळतो. तिसरी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनातल्या दुसऱ्या प्रश्नाला लागते: 40 मिनिटं, किमान 250 शब्द, आणि विषय असा की आपल्याकडे चहाच्या टपरीवर त्यात दोन तास सहज जावेत. जागतिकीकरणाने स्थानिक संस्कृती बुडते का? तरुण पिढी सणवार विसरली का? टपरीवरचं मत इथे चालतं, टपरीवरची भाषा मात्र चालत नाही, कारण चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीचे असतात आणि त्यात कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसवलात हेही पाहिलं जातं. शब्दांच्या या शेजाराला कॉलोकेशन म्हणतात.

प्रथम एक गैरसमज काढून टाकावा. सोसायटी म्हणजे गृहनिर्माण संस्था नव्हे. सोसायटीपुढचे ज्वलंत प्रश्न लिहा म्हटल्यावर मेंटेनन्स, पाण्याची टाकी आणि सेक्रेटरीचा स्वभाव यांवर उत्तर देऊ नये, मग ते कितीही ज्वलंत असोत.

आता थोडी शास्त्रीय बैठक. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार जे. आर. फर्थ या इंग्रज भाषावैज्ञानिकाने 1950च्या दशकात रुजवला. त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी 1966 साली चहाचं उदाहरण दिलं: चहा स्ट्राँग असतो, गाडी पॉवरफुल असते. उलट केलं तर अर्थ कळतो, पण इंग्रजाच्या भुवया उंचावतात. का, ते विचारू नये. आपल्याकडे दारिद्र्य अठराविश्वे असतं आणि संपत्ती गडगंज. गडगंज दारिद्र्य आजवर कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. मोर्चा काढतात, उपोषणाला बसतात, निवेदन देतात. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. वर्तमानपत्रं आणि सत्कार समारंभ यांनी आपलं शिक्षण परस्पर उरकलं. ज्याने सामाजिक बांधिलकी जपणारे, हरहुन्नरी आणि अजातशत्रू असे पाच सत्कारमूर्ती बसून ऐकले आहेत, त्याची निम्मी तयारी झालेलीच आहे.

उरलेली निम्मी पाठांतराची. पॉव्हर्टी अ‍ॅब्जेक्ट, करप्शन रॅम्पंट. ऑनेस्टी रॅम्पंट झाल्याचं ऐकिवात नाही. मराठीतही भ्रष्टाचारच बोकाळतो, सचोटी नाही. ट्रॅडिशन्स नेहमी डीपली रूटेड असाव्यात, अगदी 2019 साली सुरू झालेल्या दहीहंडीच्याही. हेरिटेज रिच असावं आणि ते प्रिझर्व्ह करण्याची निकड असावी. श्रीमंत-गरिबांतली गॅप वायडनिंगच ठेवावी, निबंध संपेपर्यंत ती बुजवू नये. फ्लाउट आणि फ्लॉन्ट यांत मात्र गफलत नको: नॉर्म्स फ्लाउट करतात, म्हणजे धुडकावतात, वेल्थ फ्लॉन्ट करतात, म्हणजे मिरवतात. भर रस्त्यातून डीजे लावून निघालेल्या वरातीत दोन्ही एकाच वेळी पाहायला मिळतं, तेव्हा गृहपाठ म्हणून एकदा वरातीला जाऊन यावं.

यानंतर सराव. हा कच्चा माल घ्या: गणपतीची वर्गणी पाचशेवरून हजार केली. बी विंगवाल्यांनी चिडून वेगळा गणपती बसवला. आता लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे मजल्यांचे आकडे वाचत उभे राहतात.

आता त्याला चढवायचं. वर्गणी वाढली, याचा 'हेवी फायनान्शियल बर्डन' करा. बी विंग चिडली, तिथे 'डीप डिव्हिजन्स' उघड्या पाडा. वेगळ्या गणपतीमुळे 'लाँगस्टँडिंग ट्रॅडिशन्स' धोक्यात आणा. लिफ्टमधला अबोला म्हणजे 'ब्रेकडाउन इन कम्युनिकेशन', आणि सगळ्याचा परिणाम म्हणून 'सोशल फॅब्रिक'ची वीण उसवायला घ्या. पाचशे गेले, लिफ्ट गेली, गणपतीही गेला. हे बी विंगबद्दल चाललंय की बेल्जियमबद्दल, हे वाचणाऱ्याला कळेनासं झालं की भाषा पुरेशा उंचीवर पोचली असं समजावं.

इथे एक अडचण येते. स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या, अशी सूचना त्याच प्रश्नाखाली छापलेली असते. क्लासच्या नोट्समध्ये ती सहसा फारशी ठळक नसते, कारण अनुभव झेरॉक्स करून वाटता येत नाही. म्हणून फॅब्रिकच्या शेजारी एक ओळ लिफ्टसाठी राखून ठेवावी. आकडे वाचत उभी राहिलेली माणसं परीक्षकाने त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच पेपरात वाचलेली नसतील. सोशल फॅब्रिक मात्र सकाळपासून ढिगाने उसवलेलं असेल. शिवाय संपूर्ण उत्तर पाठ करून उतरवल्याचं सिद्ध झालं तर बँड शून्य देण्याची तरतूद आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

परीक्षा झाली, व्हिसा मिळाला, की एवढ्या मेहनतीने कमावलेल्या या जोड्या कुठे वापरायच्या, असा प्रश्न पडेल. लेस्टरच्या बसमध्ये त्या कुणी ऐकून घेणार नाही. तिथे हवापाणी आणि उशिरा आलेली बस हेच विषय. पण धीर धरावा. महाराष्ट्र मंडळ जवळपास असतंच, आणि मंडळ म्हटलं की दिवाळीचा कार्यक्रम आलाच. तिथे कधीतरी आपल्याला दोन शब्द बोलायला उभं करतील. रिच हेरिटेज, कल्चरल रूट्स, जनरेशन गॅप, सगळं पाठ असेल तसं बिनधास्त म्हणून टाकावं. तिथे बँड देत नाहीत, शाल आणि श्रीफळ देतात.