एकाहून अधिक मांजरांचं घर : खांडबारेकरांसाठी मार्गदर्शिका

कणगीतल्या तुरीवरचे उंदीर आवरायला म्हणून एक मांजर आणलं आणि बघता बघता घरात तीन-चार झाली, अशा खांडबारा व पंचक्रोशीतील कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. एकच मांजर असलेल्यांनी ती वाचू नये. त्यांचं अजून बरं चाललं आहे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची चव उंदरांना त्याआधीपासून ठाऊक होती. तेव्हा मांजर आणण्याचा मूळ निर्णय योग्यच होता, हे नोंदवून पुढे जाऊ.

सर्वप्रथम घर कोणाचं, हा प्रश्न निकाली काढावा. सातबारा, घरपट्टीची पावती, वीजबिल यांपैकी एकही कागद मांजरं ग्राह्य धरत नाहीत. त्यांचा दस्तऐवज वासाचा. गाल, हनुवटी, शेपटीचं मूळ इथल्या ग्रंथींचा वास ती चौकटीला, पलंगाच्या पायाला, एकमेकांना आणि तुम्हालाही घासून लावत असतात. सगळ्यांचा मिळून घरचा एक वास तयार होतो. तो ज्याच्या अंगावर, तो घरचा. पायात घोटाळणारं मांजर लाडात आलंय असं आपण म्हणतो. लाड असतोच, पण सोबत तुमची नोंदणीही चालू असते.

ही नोंदणी किती कच्ची असते, ते दवाखान्यातून परत आल्यावर कळतं. आमच्याकडे मनी आणि सोनी सख्ख्या बहिणी. सकाळी दोघी एका गोणपाटावर एकमेकींची मान चाटत पडलेल्या. मनीला टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं, सुई टोचली, दुपारी परत आणलं. सोनी पुढे झाली, एकदा हुंगलं, आणि कान मागे, पाठीची कमान, शेपटी फुगून तिप्पट. मनीच्या अंगाला स्पिरिटचा आणि कुठल्याशा कुत्र्याचा वास. डोळे म्हणत होते मनी आहे, नाक म्हणत होतं परकी आहे. आणि मांजराच्या घरात नाकाचा निकाल अंतिम. अशा वेळी ‘अगं, तुझीच बहीण ना’ असं समजावत बसू नये. आलेल्या मांजराला दिवसभर वेगळ्या खोलीत ठेवावं. घरातल्या मांजराच्या अंगावरून एक जुनं फडकं फिरवावं आणि तेच आलेल्याच्या अंगावरून फिरवावं. जमल्यास पुढच्या खेपेला दोघींनाही एकदम न्यावं, म्हणजे परकेपणा निदान समसमान वाटला जातो.

आता भांडणाचा विषय. भांडण म्हणजे आरडाओरडा, ही आपली समजूत बाजारच्या दिवशी पक्की होते. मांजरांची खरी भांडणं आवाजाविना चालतात, त्यामुळे घरच्यांना ती दिसतच नाहीत. आमचा बोका काळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पसरलेला असतो. पुढचे पंजे छातीखाली, डोळे अर्धे मिटलेले. पाहुणे म्हणतात, किती गरीब जनावर! आत चुलीजवळ सोनी आहे आणि तिला परसात जायचं आहे. ती दोन पावलं पुढे येते. काळू नुसती मान वळवतो. सोनी बसते आणि एकदम आपला पाय चाटू लागते, जणू तिला जायचंच नव्हतं. अर्ध्या तासाने तांदळाच्या पोत्यामागे ओलं सापडतं. ओरडा सोनी खाते. काळूला ‘शहाणा’ म्हणून दुधाची साय मिळते.

सबब, वाट्या एका ओळीत मांडू नयेत. पंगत ही माणसांची रीत. मांजर एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारं. एकीची वाटी दुसरीला दिसू नये. विधीसाठी मांजरांच्या संख्येहून एक जागा जास्त ठेवावी, असं पशुवैद्य सांगतात. शहरात त्यासाठी विकतची वाळू लागते. आपल्याला परस आहे, आणि पावसाळ्यात चुलीची गार राख घातलेलं घमेलं चालतं. मात्र सगळी घमेली एकाच कोपऱ्यात मांडली, तर मांजराच्या हिशेबी ते एकच घमेलं, आणि त्याच्या वाटेवर पुन्हा काळू.

एक जागा दोघांची असू शकते का? नवापूरचं स्टेशन पाहून यावं. निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत, तरी गाड्या चालतात. मांजरांनी यात सुधारणा केली आहे. ती जागा तोडून घेत नाहीत, वेळ वाटून घेतात. ओट्यावरचं कोवळं ऊन मनीचं, उन्हं चढली की काळूचं. मधल्या वेळात आपण तिथे बसायला हरकत नाही, फक्त वेळेवर उठावं.

बाहेरचा बोका हे स्वतंत्र प्रकरण. आमच्याकडे येतो तो मालगाडीतून उतरला असावा असा आळीचा समज, म्हणून त्याचं नाव भुसावळ. रात्री तो खिडकीत येऊन बसतो. काळूला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग तो शेजारी निजलेल्या मनीला झोडपतो. वड्याचं तेल वांग्यावर. या वेळी मध्ये हात घालू नये. खिडकीला पोतं लावावं, दोघांच्या मध्ये गोधडी टाकावी. मांजराचा चावा दिसतो बारीक आणि जातो खोल. चावलंच तर साबणाने भरपूर धुऊन सरकारी दवाखाना गाठावा आणि रेबीजच्या लशीचं विचारावं. हे वाक्य गमतीत घेऊ नये.

तसंच मेलेली कोंबडी मांजरांपुढे टाकू नये. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच तालुक्यात, नवापूरच्या पोल्ट्र्यांत सापडला, आणि तो मांजरांनाही होतो.

मध्यरात्री कौलांवर पाच-सहा मांजरं हात-दोन हात अंतर राखून नुसती बसलेली दिसली, तर दगड मारू नये. पॉल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकाने अशा बैठकांची वर्णनं करून ठेवली आहेत. भांडण नाही, माजही नाही. काही वेळ बसायचं आणि उठून जायचं. इतिवृत्त लिहिलं जात नाही.

सर्वांत चक्रावणारा प्रकार बाळंतिणींचा. मनी आणि सोनी पाठोपाठ व्यायल्या, आणि दोघींनी पिल्लं उचलून एकाच टोपलीत आणली. आता जी आत असेल ती सगळ्यांना पाजते, दुसरी शिकारीला जाते. नात्यातल्या भाट्यांमध्ये हे चालतं. कुठलं पिल्लू कोणाचं याची यादी करू नये. आयांनी केलेली नाही. बापाच्या रकान्यात तर काहीच लिहू नये. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात, तेव्हा केवळ संशयावरून भुसावळकडे बोट दाखवणं बरं नव्हे. पिल्लांना सात घरं फिरवायची वेळ आलीच, तर त्यात आपल्या कपाटाचा नंबर लागणार हे धरून चालावं.

या कारभारात माणसाला सहभाग हवा असेल, तर सभ्य मार्ग एकच : मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटावेत, सावकाश उघडावेत. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की मांजरं याला तशीच पापणी मिटून उत्तर देतात आणि जवळही येतात. सासूबाईंसमोर हा प्रयोग करताना कारण आधी सांगून ठेवावं.

भाटीचे दिवस साधारण ६३ ते ६५ भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून मनी-सोनीची शस्त्रक्रिया ठरवली आहे, तुम्हीही ठरवा. तूर्त इच्छुकांनी पिल्लं न्यायला यावं. आठ आठवड्यांच्या आतलं देणार नाही. एकेकटं नेण्यापेक्षा जोडी न्यावी. एकत्र वाढलेली भावंडं सहसा एकमेकांना धरून राहतात. झाकणाची टोपली ज्याने त्याने आणावी. काळूला कोणी नेत असेल तर टोपलीही आमची.