दादा, अंगठा माझा होता

दादा,

हे पत्र पाकिटात घालून पाठवलं असतं तर "मालक गावी नाहीत" म्हणून परत आलं असतं. कोर्टाच्या बेलीफाला दोन वेळा तेच उत्तर मिळालं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. गावी नसलेला हा माणूस रोज सकाळी साडेसहाला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विठ्ठलाचा फोटो टाकतो, हेही लोकांना कळू दे.

त्या उन्हाळ्यात तू अहमदपूरला गाडी घेऊन आलास. "पीककर्जाला बहिणींचे अंगठे लागतात, तासाभराचं काम आहे," म्हणालास. मी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघाले. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन मिळालं, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, मग ते अंगठ्याचं यंत्र पुढे आलं. माझा अंगठा काही उमटेना. खुरपं आणि राख-भांडी यांनी रेघा झिजल्यात. तीनदा झालं. मग तू माझाच पदर घेऊन माझा अंगठा पुसलास, काचेवर ठेवलास आणि वरून तुझ्या बोटांनी दाबलास. उमटला. बाहेर रसवंतीवर तू मला दोन ग्लास रस पाजलास. कागद वाचून दाखवायला मात्र तुला सवड नव्हती. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र.

पुढचं सगळं किती झटपट झालं बघ. दस्त नोंदला की त्याची माहिती ई-फेरफारमधून तलाठ्याकडे जाते. हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फेरफाराची नोटीस आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसते. पूर्वी चावडीच्या भिंतीवर कागद चिकटायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी तो वाचून माझ्या कानावर घातला असता. मोबाइलमधली चावडी मला कुणी दाखवली नव्हती. कागदावरची माझी नोटीस कोणत्या दारात गेली, ते तुला ठाऊक आहे. पंधरा दिवस मी भुईमूग वाळवत होते.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या लेकीने शाळेच्या कामासाठी फोन घेतला आणि सहज पंधरा रुपये भरून आजोबांच्या वावराचा डिजिटल सातबारा काढला. "आई, तुझ्या नावाला कंस पडलाय," म्हणाली. बाबा गेल्यावर वारसनोंदीत आईच्या, तुझ्या आणि आम्हा दोघी बहिणींच्या नावाची ओळ होती. आता तुझं एकट्याचं नाव.

वावर आत्ताच का आठवलं तुला, तेही सांगते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा गेला आणि रस्त्याकडेची जमीन एकराऐवजी गुंठ्याच्या भावाने बोलली जाऊ लागली. बाबांच्या हयातीत त्याच वावराला तू "खडकाड" म्हणायचास.

"लग्नात दिलं की तुला," हे तू पाहुण्यांत सांगत फिरतोस. माझ्या लग्नातला खर्च तुझ्या वहीत असेल, कायद्यात नाही. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद गेला. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, 2005 साली बाप जिवंत असण्याची अट नाही. तुला हे माहीत होतं. माहीत नसतं तर माझा अंगठा कशाला लागला असता?

आता माझी बाजू ऐक. अंगठा द्यायला एक सकाळ लागली. तो खोटेपणाने घेतला हे सांगायला मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात किती खेपा घातल्या, ते एसटीची तिकिटं सांगतील. कागद रद्द करून मागायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं असतात, म्हणून मी वेळ घालवला नाही. "तिच्या वकिलाला पैसे कोण पुरवतं?" असं तू पारावर विचारलंस. कुणी नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला तिचं उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. 15100 हा नंबर मी आता गावातल्या प्रत्येक लेकीबाळीच्या फोनमध्ये भरून देते.

तुझ्याजवळ फोन आहे, माझ्याजवळही आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की दाव्याची पुढची तारीख दिसते. मी ती पाहून कोर्टात येते, तू ती पाहून कोर्ट टाळतोस. 2023 साली केंद्राने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर केले. पण त्या पडद्यावर "समन्सची बजावणी नाही" एवढंच येतं, दाराआडून "नाहीत" म्हणणारी वहिनी दिसत नाही. ई-मेलने समन्स पाठवायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 पासून आहे. वकीलसाहेबांनी तसा अर्ज दिलाय. तुझा ई-मेल आम्ही त्याच हक्कसोडपत्राच्या कामाच्या एका कागदावरून घेतला, तू स्वतःच्या हाताने लिहिलेला.

तुला माझ्याविषयी एकच राग आहे, मी माहेर तोडलं. दादा, साडी-चोळीवर समाधान मानून किती बहिणी नांदेड-लातूरच्या गावागावांतून आल्या पावली परत जातात, ते मी तालुक्याला येते-जाते तेव्हा बघते. त्यांना माहेर हवं असतं म्हणून त्या अंगठा देतात. तू त्या मायेवरच अंगठा दाबलास. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

मला अख्खं वावर नको. बाबांनी लावलेल्या चिंचेखालचा माझा वाटा, माझ्या नावाचा कंस काढून.

दिवाळीत कोर्टाला सुट्टी असते, तारीख नाही. मी भाऊबीजेला येणार आहे, ताट घेऊन. दुपारच्या गाडीने पोचेन. त्या दिवशी तरी घरी राहा.

तुझी धाकटी