तळघर उपसणाऱ्या शेठना खुलं पत्र

मा. रिसॉर्टवाले शेठ,
मु. कणकुंबी, ता. खानापूर



जिथे मलप्रभा उगम पावते, त्या गावात जमिनीच्या पोटात खोली खणायचं धाडस आपणच करू जाणे. आम्ही अडाणी, पिढ्यान्‌पिढ्या जोती उंच करत बसलो. चोर्ल्याच्या माथ्यावरचा पाऊस जांभ्यात मुरतो आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येतो, हे ठाऊक असूनही आम्हाला घरात तळं करायचं सुचलं नाही. अभिनंदन!

आता हे तळं एका रात्रीत कोरडं करणार म्हणे. इथलं पाणी हलवायचं म्हणजे काय, ते म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायला निघालेल्या कळसा-भांडुरा योजनेला विचारा. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमला, निवाडा आला ऑगस्ट २०१८मध्ये, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. आपण मात्र सकाळच्या चहापर्यंत मोकळे!

घाई जरा भिंतीलाही विचारून करा. बाहेरची माती पाण्याने जड झालीय. तिला आतून रेटून धरलंय ते याच पाण्याने. ते एकदम काढलंत तर भिंत आत येईल, फरशी खालून उचलली जाईल. बाहेरचं पाणी ओसरू दे. मग फूटभर उपसा, विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ मारा आणि पंप बंद करून झोपा. सकाळी पाणी रेघेच्या वर चढलेलं दिसलं, तर जमीन अजून भरलेली आहे, थांबा. नाही चढलं, तर आणखी दोन-तीन फूट, पुन्हा रेघ, पुन्हा रात्र.

पाहुण्यांना आवाज नको म्हणून डिझेल इंजिन जिन्याखाली ठेवलंत, ही आपली सभ्यता. पण विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुराने माणसं गेल्याचं आपण ऐकलं असेलच. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इंजिन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा. आत फक्त पाइप जाऊ दे.

लाइटचा बोर्डही तळघरातच! तो बंद करायला पोराला पाण्यात उतरवू नका. आधी हेस्कॉमच्या लाइनमनकडून बाहेरून वीज तोडून घ्या. पाण्यात उतरणारं पोर आमच्या गावचं आहे, शेठ, ब्रोशरमधलं नाही. नंतर उतरेल तेव्हाही त्याला गमबूट द्या, आणि पायाला जखम असेल तर उतरवूच नका. लेप्टो अशाच पाण्यातून होतो.

पंपाच्या पाइपचं बाहेरचं तोंड मात्र मी स्वतः पाहून आलो. ते भिंतीला टेकवलेलं आहे. म्हणजे काल दिवसभर आपण तेच पाणी डिझेल जाळून गोल फिरवलंत. पाइप लांब उताराला न्या, पण माझ्या खाचरात सोडू नका. आपली सेप्टिक टँक त्या पाण्यात मिसळलीय आणि माझी लावणी व्हायचीय.

कळावे,
आपला,
खालच्या बांधाचा शेतकरी