पुरावा खिडकीबाहेर

परवा सेलूहून वर्ध्याला येत होतो. पवनारच्या अलीकडे पुढच्या पांढऱ्या गाडीची काच खाली झाली, दोन अंगठ्यांचा हात बाहेर आला आणि खर्ऱ्याची पन्नी माझ्या हेल्मेटच्या काचेवर येऊन चिकटली. आतला सुपारीचा भुगा अजून ओला होता. मागोमाग पाण्याची बाटली आली. शेवटी एक रिकामा पव्वा, तो मात्र नेम धरून रस्त्याकडेच्या तुरीत. टायर फुटायला नको कुणाचं, एवढी माणुसकी वर्धेकरात आहे.

धामच्या पुलाजवळच्या टपरीवर गाडी थांबली. मीही थांबलो आणि विचारलं. भाऊ मुळीच चिडले नाहीत.

"नवी गाडी हाय ना जी. घान करू काय?"

सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते जपायचं प्लास्टिक.

"आणि पव्वा?"

भाऊंनी आवाज खाली घेतला. "दारूबंदीचा जिल्हा हाय. गाडीत सापडला त आत जाईन ना मी."

मला कायदा प्रथमच कळला. आपल्या जिल्ह्यात बाटली गाडीत असेल तर गुन्हा, बाहेर पडली की नुसता कचरा. कचऱ्याचा दंड शे-दीडशे, तोही कुणी पाहिलं तर. शहाणा माणूस हिशेब करतो आणि काच खाली करतो. आमच्या धुऱ्यांवरचे पव्वे म्हणजे दारूबंदीच्या कडक अंमलबजावणीचा पुरावाच समजायचा.

मग मी प्लास्टिकबंदी काढली. २०१८ पासून राज्यात पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. आणि खर्रा घोटतात ती पन्नी तर बंदीतलीच.

"पहिल्यांदा कोन मोजते?" भाऊंनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. टपरीवाल्याने मान खाली घालून पुढचा खर्रा घोटायला घेतला.

इंग्लंडात २०१८ पासूनच एक सोय झाली आहे. गाडीतून कचरा पडला की दंडाची नोटीस सरळ गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला. फेकला कुणी, ही भानगड त्याने आपल्या घरी मिटवावी. हे ऐकून भाऊ एकदम खुलले.

"हा कायदा इकडं आना जी. गाडी सासऱ्याच्या नावावर हाय."

शेवटचा उपाय म्हणून विनोबा काढले. समोरच तर आश्रम. १९४६ च्या सुमारास इथून ते रोज पायी सुरगावला जात, खांद्यावर फावडं, तिथला मैला उचलायला. भाऊंनी हात जोडले, मनापासून जोडले. पाहुण्यांना घेऊन ते सेवाग्रामलाच निघाले होते. चहा संपवून त्यांनी कागदी कपासाठी इकडे-तिकडे पाहिलं. कचरापेटी नव्हती. मग तो कप त्यांनी आदराने माझ्या हातात दिला.

"तुमाले आवड दिसते."

मी घेतला. मोटरसायकलला काच नसते.