‘उद्या येतो’ साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय ‘उद्या येतो’ साहेब,
स्लायडिंग, यूपीव्हीसी, जाळी, ग्रील व किरकोळ सिलिकॉन,
ठाणे ते कल्याण-डोंबिवली (सर्व शाखा)

विषय : खिडकी नुसती विकण्याऐवजी बसवून देण्याबाबत.

महोदय, सा. न. वि. वि.

ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या एखाद्या घराला खिडक्या बदलायच्या आहेत, हे त्या घरच्या माणसांच्या आधी आपल्याला कळतं, याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. त्यात अवघड काही नाही म्हणा. नाक्यावरची दहीहंडी आणि नवरात्र आनंद दिघ्यांच्या काळापासून गाजतं आहे. दर्शनाची रांग, ढोल-ताशे आणि भोंगे अशी सगळी मंडळी खिडकीखालीच मुक्कामाला असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली मंडप आणि भोंग्यांबद्दल सविस्तर निकालही दिला. पण निकाल फाइलीत राहतो आणि भोंगा खांबावर. मग नाक्यावरचा गृहस्थ दसरा झाला की आपल्याला फोन करतो.

आपण येता. जुन्या खिडकीवर बोटाने टकटक करता, मान हलवता आणि म्हणता, “साउंडप्रूफ करून देतो. डबल काच टाकू.”

या वाक्यावर आजवर किती ॲडव्हान्स जमा झाले असतील, ते आपल्यालाच ठाऊक. गृहस्थाला मात्र कोणी सांगत नाही, की स्लायडिंगची दोन शटरं एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये लोकरीच्या पट्टीसारखा बारीक ब्रश असतो. शटर सरकायला तो सोयीचा खरा, पण त्यातून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून ढोलही येतो. बिजागरीवर उघडणारं, हँडल फिरवल्यावर चारही कडांनी रबरावर दाबून बसणारं शटर आवाज जास्त अडवतं. काचाही एकाच जाडीच्या दोन घेण्यापेक्षा वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्या आणि त्यातली एक लॅमिनेटेड असली, तर फरक पडतो. अर्थात असं शटर बाहेर उघडावं तर बॉक्स ग्रील आडवी येते आणि आत उघडावं तर डायनिंग टेबल. टेबल कुठे हलवायचं, यावर घरात चर्चा सुरू होते आणि आपण तेवढ्यात टू-ट्रॅकचं माप घेऊन मोकळे होता.

जुन्या ठाण्यात या व्यवहाराला आणखी एक पदर आहे. इमारत ‘रिडेव्हलपमेंटला जाणार’ आहे. ती किती वर्षांपासून जाणार आहे, हे विचारू नये. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्त करायची आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. खिडकी बदलण्याआधी आपली इमारत यात कुठे बसते, हे पाहायला हवं. सी-1मध्ये नवी खिडकी बसवणं म्हणजे बिल्डरला देणगी. पण ज्या घरात पावसाचं पाणी गादीपर्यंत येतं, त्या घराला ‘दोन वर्षं थांबा’ म्हणणाऱ्या कमिटी मेंबरच्या स्वतःच्या खिडक्या गेल्याच वर्षी बदललेल्या असतात, हेही नमूद केलेलं बरं.

आता भावाकडे वळू. आपला भाव स्क्वेअर फुटावर असतो, आणि स्क्वेअर फूट ही वस्तू आपल्या हातात फार लवचीक होते. काही ठिकाणी काचेचं माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांपर्यंत वर ओढलं जातं. बाथरूमच्या टीचभर लूव्हरला ‘मिनिमम’ लागतो. शेजारच्या घराला शंभर रुपये स्वस्त पडलेली खिडकी हातात घेतली की समजतं, सेक्शनच पातळ आहे. ॲल्युमिनियम मुळात वजनावर विकलं जातं. तेव्हा एका फुटाला सेक्शन किती ग्रॅमचा आणि त्याची भिंत किती मिलिमीटरची, एवढं कोटेशनवर लिहून मागितलं, तर आपण का रागावता, हे नाक्याला कळलेलं नाही. यूपीव्हीसीचंही तसंच. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे की नाही, यावर मोठं शटर पुढे वाकणार की सरळ राहणार, हे ठरतं. ती पट्टी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती टाकायची राहून जाते. राहून जाते हा शब्द इथे सौजन्याने वापरला आहे.

पण साहेब, खरी गंमत जूनमध्ये येते.

“अहो दादा, पाणी आत येतंय.”

“काकू, पाऊसच तिरका आहे.”

हे उत्तर ऐकलं की वाटतं, कोकणपट्टीत पाऊस सरळ पडायचा करार झाला होता आणि त्याने तो मोडला. नैऋत्येकडून येणारा पाऊस तिरका असायचाच. त्याचं गणितही सोपं आहे. ताशी 72 किलोमीटरचा वारा खिडकीवर जो दाब टाकतो, तो ट्रॅकमधलं पाणी सुमारे 24 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ इंचभर उचलून धरतो. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल, तर पाणी तिच्यावरून घरात उतरतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या वाऱ्याला पाणी 60 मिलिमीटरच्या आसपास चढतं. इमारतींच्या आराखड्यासाठी मुंबई परिसरात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी दीडशेच्या वर. आपल्या कोटेशनमध्ये वाऱ्याचा उल्लेख फक्त ‘हवा चांगली येईल’ एवढाच असतो.

ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान भोकं असतात. ही भोकं म्हणजे खिडकीचा निम्मा जीव. आपला हेल्पर सिलिकॉनची बंदूक घेऊन येतो, त्याला ती भोकं दिसतात, आणि ‘गॅप राहिला’ म्हणून तो ती मन लावून बुजवतो. उरलीसुरली रंगारी भरतो. मग ट्रॅकची डबकी होतात आणि डासांची सोय होते. तिसऱ्या ट्रॅकवर जाळी बसवायचे पैसे आपण ज्या डासांच्या नावाने घेतले, त्यांचीच.

सिलिकॉनही एक नसतं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेला ठीक. सिमेंटच्या भिंतीला ते धड धरत नाही आणि मार्बलच्या पट्टीला डाग पाडू शकतं. तिथे न्यूट्रल प्रकारचं लागतं, ते महाग असतं. चौकट आणि भिंत यांच्यात पाच-सहा मिलिमीटरची फट सगळीकडून सारखी हवी. ती तशी यायला रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजावी लागते, उंचीही तीनदा, आणि कर्णांची दोन मापं घ्यावी लागतात. जुन्या ठाण्यातली कुठलीही खिडकी काटकोनात नाही. आपण टेप एकदा लावता, आकडा सिगारेटच्या पाकिटावर लिहिता आणि उरलेला काटकोन सिलिकॉनने भरता. खालची कडाप्प्याची किंवा मार्बलची पट्टी बाहेर उतरती असावी, एवढं जुन्या गवंड्याला न सांगता कळत होतं. आता ती बरोबर लेव्हलमध्ये बसते, स्पिरिट लेव्हल लावून, आणि पाणी कुठे जावं या विचारात तिथेच थांबतं.

काचेबद्दल थोडं गंभीर बोलायला हवं. मराठी मुलखाने काच फार कष्टाने कमावली. अंताजी काळ्यांनी दारोदार एकेक पैसा गोळा केला, टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्या पैसाफंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्याआधी गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना पातळ शिंपल्यांची तावदानं असत. आज वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली सपाट फ्लोट काच तळोज्यातच तयार होते. काच इतकी जवळ आणि इतकी स्वस्त झाल्यावर ‘पाच एमएम टाकू का?’ यापुढे तिच्याविषयी कोणी काही विचारत नाही.

डोंबिवलीने मात्र विचारायला हवं. 26 मे 2016 रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि 23 मे 2024 रोजी अमुदानमध्ये. माणसं गेली. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, घरात बसलेल्यांना तुकडे लागले. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन केलेली फुटली तर बारीक दाणे होतात. लॅमिनेटेड काचेला दोन थरांमध्ये पारदर्शक पडदा असतो. ती तडकली तरी तुकडे त्याला धरून राहतात. या सुरक्षित काचेसाठी आयएस 2553 हे भारतीय मानक आहे आणि काचेच्या कोपऱ्यात त्याची छाप शोधायला चष्मा पुरतो. दोन्ही स्फोटांनंतर पंचनामे झाले, तुटलेल्या चौकटींत नव्या काचा बसल्या. त्यातल्या किती घरांत पुन्हा तीच साधी काच बसली असेल, याचा अंदाज आपल्याइतका कोणाला असणार? घाईच्या वेळी आपल्या दुकानात तीच तयार होती.

टफन काचेची एक अडचण आपण सांगत नाही, ती अशी की ती भट्टीतून बाहेर आल्यावर कापता येत नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने थंड केली की तिचं माप कायमचं ठरलं. एसीच्या पाइपचं भोकही आधीच पाडायला लागतं. पाव इंच चुकलं तर नवी काच. म्हणून मापात चूक झालेल्या घरात ‘टफन मिळत नाही, साधीच मजबूत असते’ असं ज्ञान अचानक ऐकू येतं.

घोडबंदरच्या किंवा डोंबिवलीच्या नव्या टॉवरमधल्या ग्राहकांकडे आपण जरा जपून जावं, ही विनंती. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला, तर तो 30 दिवसांत विनाखर्च दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. गळकी खिडकी हा असा दोष असू शकतो. आपण ती काढून भंगारात नेली, की दोषही गेला आणि पुरावाही. तेव्हा तिथे आधी फोटो आणि लेखी तक्रार, मग आपण. तसंच कच्च्या बिलावर ‘दहा वर्षं वॉरंटी’ लिहून दिल्याने ती ग्राहक आयोगात सिद्ध करणं अवघड होतं, हे आपल्याला ठाऊक असल्याशिवाय आपण ती इतक्या उदार हाताने लिहीत नसाल. 2019च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण त्यासाठी पक्कं बिल हवं, आणि पक्क्या बिलाचं नाव काढलं की आपल्याला एकदम 18 टक्के जीएसटी आठवतो.

वरील परिस्थितीत नाक्यावरच्या रहिवाशांनी आपल्याला काम देण्याचंच ठरवलं आहे, कारण दुसरे जे आले होते तेही ‘उद्या येतो’ म्हणूनच गेले. अटी किरकोळ आहेत. माप दिवाळीनंतर घ्यावं, मेमध्ये नको. सेक्शन, काच, रबर आणि सिलिकॉनची जात कोटेशनवर लिहावी. चौथ्या मजल्यावर छज्ज्यावर उतरणाऱ्या मुलाच्या कमरेला सेफ्टी बेल्ट असावा आणि तो बेल्ट दोरीने ग्रीलला नव्हे, पक्क्या जागी बांधलेला असावा. रक्कम हप्त्याने मिळेल. शेवटचा दहावा हिस्सा खिडकीवर बाहेरून पाइपने दहा मिनिटं पाणी मारल्यावर, आतली भिंत हाताने चाचपून, तिथेच देण्यात येईल. पाणी मारायची वेळ रहिवासी ठरवतील. पाइप त्यांच्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टेंभी नाक्यावरचे रहिवासी

ता. क. : गेल्या खेपेची आपली शिडी अजून जिन्यात उभी आहे. शनिवारी सोसायटीची सभा आहे, त्याआधी न्यावी.